जाहिरातीत होती ती गाडी कुठे गेली? (सेकंडहँड गाड्यांचे अनुभव)

आज फोनमधले जुने फोटो पुसत बसले होते, त्यात एका गाडीच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट सापडला. बाबांनी मला पाठवलेला. खाली त्यांनी लिहिलं होतं, "ऑटोमॅटिक आहे!" गुडघ्यांमुळे त्यांना क्लच दाबवत नव्हता, वर्षभर गाडी चालवणं बंद होतं. मी शोरूमला दोनदा फोन करून विचारलं, दोन्ही वेळा "हो हो, ऑटोमॅटिकच." तीन तास प्रवास करून गेलो. बाबांनी दार उघडलं, आत वाकून बघितलं. तीन पेडल. विक्रेता म्हणाला, "लिहिताना चूक झाली असेल, पण गाडी एक नंबर आहे." बाबा काहीच बोलले नाहीत. परत येताना मी धुमसत होते आणि तेच मला समजावत होते. आठवडाभर तो माणूस किती खुशीत होता ते मी पाहिलं होतं, म्हणून ती "चूक" अजून पचत नाही.

तुमचेही अनुभव लिहा. लांबलं तरी चालेल.

—

वाचून गलबललं गं. बाबांचे गुडघे आता कसे आहेत? ऑपरेशन केलं का? माझ्या आईच्या एका पायाचं झालंय, दुसऱ्याला तयारच होत नाहीये.

—

मीटर!! जाहिरातीत ४२,००० किमी, मीटरवरही तेवढंच. नवऱ्याने ड्रायव्हरचं दार उघडलं तर आत सर्व्हिसचा स्टिकर, "पुढची सर्व्हिस ६८,००० ला". मग नीट बघितलं. पेडलची रबरं गुळगुळीत, स्टीअरिंग झिजून चकाकलेलं. विचारलं तर म्हणे स्टिकर दुसऱ्या गाडीचा असेल. दाराला चिकटलेला स्टिकर दुसऱ्या गाडीचा! तिथूनच परत फिरलो.

—

"नवे टायर" लिहिलं असेल तर टायरच्या बाजूला डीओटी लिहिलेलं असतं, त्या ओळीच्या शेवटचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. आमचे "नवे" टायर सात वर्षांचे निघाले, वरून काळं पॉलिश फासलेलं. काचांवरही सालाची खूण असते. एकच काच वेगळ्या सालाची दिसली तर का बदलली ते विचारायचं. पिल्लू उठलं, बाकीचं नंतर लिहिते.

—

पिल्लावरून आठवलं. आम्हाला जुळी आहेत, त्यामुळे आयसोफिक्स (बाळांची सीट गाडीला घट्ट अडकवायच्या कड्या) हवंच होतं. जाहिरातीत होतं. मी मागच्या सीटच्या फटीत हात घालून लोखंडी कड्या शोधतेय, विक्रेता वरून सांगतोय, "आत खोल असतील मॅडम." नव्हत्याच. बाळांच्या सुरक्षिततेबद्दल असं कसं लिहवतं यांना?

—

मी दोन वर्षं अशा जाहिराती भरायचं काम केलंय, म्हणून सांगतो. गाडीचा नंबर टाकला की त्या मॉडेलची माहिती आपोआप भरली जायची. ती मॉडेलची असायची, समोरच्या गाडीची नाही. सनरूफ, कॅमेरा, एअरबॅग सगळं त्यातून यायचं आणि प्रत्यक्ष गाडीपाशी जाऊन ताडून बघायला वेळ कुणी द्यायचं नाही. हे चुकीचं झालं. पण विकलेली गाडी मुद्दाम तशीच ठेवायचे ते त्याहून वाईट, तिच्यावर फोन येतात म्हणून. "सकाळीच गेली, पण दुसरी दाखवतो" हे वाक्य शिकवलं जायचं. मला ते जमेना, सोडली नोकरी.

—

दादा, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

—

आमची गाडी पुरात बुडालेली होती, जाहिरातीत अवाक्षर नाही. घेतल्यावर महिन्याभराने कळलं. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला तर टोकाकडे चिखलाची रेघ. सीटखालचे रूळ गंजलेले, गालिच्याखाली गाळ. सुगंधी फवारा मारून वास दाबला होता. घेण्याआधी बेल्ट ओढून बघा हो, एक मिनिट लागतं.

—

+१. आणि फोटोत गाडी ओली दिसली तर सावध. पाण्याखाली ओरखडे लपतात.

—

एअरबॅगचा दिवा किल्ली फिरवल्यावर पेटून काही सेकंदांत विझायला हवा. पेटलाच नाही तर मुद्दाम बंद केलेला असू शकतो. दुसरं, जाहिरात दिसली त्याच दिवशी स्क्रीनशॉट काढा. मी तक्रार करेपर्यंत आमच्या जाहिरातीतला "एकच मालक" हा शब्द गायब झाला होता. स्क्रीनशॉट होता म्हणून पैसे परत मिळाले.

—

अवांतर: मांजरांचे केस सीटवरून कसे काढायचे? रबरी हातमोजा सोडून सांगा.

—

धागाकर्ती: सगळ्यांचं वाचतेय, स्वयंपाक करता करता. बाबांचं ऑपरेशन झालं, दोन्ही गुडघ्यांचं. आईला सांग, दुसऱ्या पायाच्या वेळी भीती खूपच कमी असते, बाबांचा अनुभव आहे. नंतर ओळखीतून ऑटोमॅटिक मिळाली, आता रोज फिरवतात. मघाशी विचारलं, तो जुना स्क्रीनशॉट पुसू का? म्हणाले, राहू दे, रंग छान होता तिचा.