‘भूमिका करणे’ आणि ‘भूमिका घेणे’: कलावंतांची राजकीय मतं आणि गल्लाभरू सिनेमातला मूलगामी विचार

प्रश्न

सिनेमावरच्या एका लेखात मी ‘या नटाची राजकीय भूमिका’ असं लिहिलं. वाचणाऱ्या मैत्रिणीने विचारलं, ‘म्हणजे त्याने पुढाऱ्याचं काम केलंय का?’ मला त्याची मतं म्हणायची होती. ‘भूमिका’ शब्द टाकून द्यावा का? शिवाय ‘रॅडिकल’ला जहाल, बंडखोर, क्रांतिकारी, विद्रोही यांतलं काय वापरावं? आणि ‘मेनस्ट्रीम’ला काय म्हणावं?

उत्तर

मैत्रिणीची शंका रास्त आहे, पण शब्द टाकू नका. नाटक-सिनेमातलं पात्र म्हणजे भूमिका, आणि एखाद्या प्रश्नावर आपण जिथे उभे असतो ती जागाही भूमिकाच. अर्थ कळतो तो क्रियापदावरून. भूमिका केली, वठवली, साकारली, रंगवली म्हटलं की ते पडद्यावरचं काम. भूमिका घेतली, मांडली, बदलली, सोडली म्हटलं की ते माणसाचं मत. ‘नटाची भूमिका’ म्हणताना क्रियापद गळतं, आणि घोटाळा तिथेच होतो. ‘नटाने घेतलेली राजकीय भूमिका’ लिहा, म्हणजे शंकेला जागा राहणार नाही.

हा फरक व्याकरणापुरता नाही, म्हणून थोडं लांबण लावतो. 2018 मध्ये दिग्दर्शक पा. रंजित यांचा ‘काला’ हा तमिळ सिनेमा आला. धारावीतल्या वस्तीची जमीन वाचवणारा करिकालन रजनीकांत यांनी साकारला आणि त्याच्यासमोरचा पुढारी नाना पाटेकर यांनी. वस्तीने एकत्र येऊन लढावं, जमीन हा गरिबाचा हक्क आहे, हे तो सिनेमा आंबेडकरी प्रतीकांसह उघडपणे मांडतो. पण सिनेमा लागण्याच्या जेमतेम आठवडाभर आधी रजनीकांत तुत्तुकुडीला गेले होते. तिथल्या तांबे कारखान्याविरुद्धच्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला होता, माणसं मेली होती. त्यावर बोलताना, प्रत्येक गोष्टीसाठी आंदोलनं होऊ लागली तर तमिळनाडूचं स्मशान होईल, अशा आशयाचं ते बोलले. म्हणजे भूमिका केली आंदोलकाची आणि भूमिका घेतली आंदोलनांना आवर घाला अशी. एकाच माणसाबद्दलची, एकाच आठवड्यातली ही दोन वाक्यं. मराठीत दोन क्रियापदं असताना आपण ती एकात कोंबू नयेत. ‘रजनीकांत यांचा क्रांतिकारी सिनेमा’ असं लिहिलं की दिग्दर्शकाचा विचार नटाच्या खात्यावर जमा होतो, आणि नटाचं मत झाकलं जातं.

आता ‘रॅडिकल’. तुम्ही दिलेले चारही शब्द खरे आहेत, पण त्यांची कामं वेगळी.

‘जहाल’ हा आवेशाचा आणि मार्गाचा शब्द आहे. विष जहाल असतं, भाषण जहाल असतं. 1907 ला सुरतेत काँग्रेस फुटली तेव्हापासून जहाल म्हटलं की टिळक आणि मवाळ म्हटलं की गोखले, हे आपल्या मनात पक्कं बसलंय. ‘बंडखोर’ निवडणुकांनी झिजवला. तिकीट नाकारलं म्हणून अपक्ष उभा राहणारा प्रत्येक जण बंडखोर. ‘क्रांतिकारी’ जाहिरातींनी संपवला. ‘विद्रोही’ मात्र अजून धारदार आहे. त्याच्यामागे दलित साहित्याची चळवळ उभी आहे, म्हणून तो जपून, जिथे जातिव्यवस्थेला थेट नकार आहे तिथेच वापरावा असं मला वाटतं.

विचार प्रश्नाच्या मुळाशी जातो असं म्हणायचं असेल तर शब्द ‘मूलगामी’. याचं माझ्या मते सर्वांत चांगलं उदाहरण डॉ. श्रीराम लागू. अ‍ॅटनबरोंच्या ‘गांधी’त (1982) त्यांनी गोखल्यांची, म्हणजे मवाळांच्या अग्रणीची भूमिका केली. प्रत्यक्षात त्यांनी घेतलेली भूमिका अशी की परमेश्वर ही कल्पनाच आता निवृत्त करावी. डॉ. नरेंद्र दाभोलकरांबरोबर गावोगावी विवेकजागराच्या कार्यक्रमांत ते हे बोलले, तेही संथपणे, मुद्द्याला मुद्दा देत. आवाजाने मवाळ, विचाराने मूलगामी. ‘जहाल’ म्हटलं तर हा माणूस हातातून निसटतो.

प्रतिसाद

एक सावधगिरी. ‘मूलगामी’ आणि ‘मूलतत्त्ववादी’ यांची गल्लत मी छापील मजकुरातही पाहिली आहे. मूलगामी माणूस मुळावरच प्रश्न विचारतो; मूलतत्त्ववादी मुळाला प्रश्न विचारू देत नाही. अगदी उलटे अर्थ. आणि ‘अतिरेकी’ तर कुणी सुचवू नका. पूर्वी टोकाच्या मताच्या माणसालाही तो लावत, आता तो शब्द बंदूकधाऱ्याचाच झाला आहे.

प्रतिसाद

‘मेनस्ट्रीम’ला ‘मुख्य प्रवाहातला’ रुळला आहे, तोच वापरा. ‘व्यावसायिक’ही चालेल. ‘गल्लाभरू’ हा अस्सल शब्द, पण त्यात तुच्छता आहे: गल्ला भरतो म्हणजे विचार नसणार, असं आपण गृहीत धरतो. नागराज मंजुळ्यांच्या ‘सैराट’ने (2016) ते खोटं ठरवलं. मराठीत तोवर कुणी कमावला नव्हता एवढा गल्ला त्याने भरला, लोक थिएटरात नाचले, आणि शेवटी जातीच्या नावाने झालेला खून बघून सुन्न होऊन बाहेर पडले. बुलेट चालवणारी पाटलाची मुलगी आणि तिच्या प्रेमात पडलेला मासेमाराचा मुलगा हे चित्र मुख्य प्रवाहातलंच आहे.

मूळ प्रश्नकर्ता

मग निळूभाऊंबद्दल काय लिहावं? पडद्यावर सगळे त्यांना जुलमी पाटील म्हणून ओळखत.

उत्तर

निळू फुल्यांसाठी दोन्ही क्रियापदं लागतातच. घडले राष्ट्र सेवा दलात, आयुष्यभर समाजवादी भूमिका घेतली. केली ती बहुतेकदा सत्तेने माजलेल्या माणसाची. ‘सामना’ सिनेमातला त्यांचा साखरसम्राट इतका खरा वाटतो तो, मला वाटतं, ती सत्ता त्यांनी कार्यकर्ता म्हणून ओळखली होती म्हणून.

आणि दोन्ही भूमिका जुळल्याचं उदाहरण हवं असेल तर शांता आपटे. प्रभात फिल्म कंपनीच्या ‘कुंकू’त (1937) म्हाताऱ्याशी लावून दिलेलं लग्न नाकारणारी नीरा त्यांनी केली. दोन वर्षांनी, 1939 मध्ये, कंपनीशी वाद झाल्यावर त्याच प्रभातच्या फाटकाशी त्या उपोषणाला बसल्या, आणि मग ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून या धंद्यात माणसं कशी राबवली जातात ते मांडलं. तुमच्या लेखात त्यांना नक्की घ्या. वाक्य असं करता येईल: ‘शांता आपट्यांनी नीरेची भूमिका केली, आणि पुढे कामगार म्हणून भूमिका घेतली.’