तोट्यातल्या कंपनीनं लाभांश द्यावा काय?

हिंगणारोडवाला: रविवारी कस्तुरचंद पार्कजवळ तर्री-पोहे खाताना वाद पेटला, तो इथं आणतो. चिप बनवणाऱ्या इंटेलनं ऑगस्ट 2024 मध्ये लाभांश थांबवत असल्याचं जाहीर केलं. त्या वर्षी तोटा सुमारे 1,880 कोटी डॉलर, तरी संशोधनावर 1,600 कोटींच्या वर खर्च. मला विचाराल तर हे आधीच करायला हवं होतं. तोट्यात लाभांश म्हणजे ऋण काढून सण.

इतवारीकर: सण कोणाचा? माझे सासरे निवृत्त आहेत, वर्षाच्या औषधपाण्याला लाभांशाचाच आधार. तो खात्यात दिसतो तरी. संशोधनाचा पैसा कुठे मुरतो, कोण सांगते? बिस्किटाचा पुडा बदलला तरी लोक त्याला संशोधन म्हणतात राजेहो.

धरमपेठचा सीए: आधी तोटा कशानं आला ते बघा. इंड एएस 38 या आपल्याकडच्या हिशेबाच्या मानकाप्रमाणे संशोधनाचा खर्च त्याच वर्षी नफ्यातून वजा होतो. विकासाचा खर्च मालमत्ता म्हणून दाखवता येतो, पण अटी पुऱ्या झाल्या तरच. म्हणजे धंदा बरा असूनही लॅबमुळे नफा-तोट्याचा हिशेब लाल दिसू शकतो. तशा कंपनीला आणि खरोखर बुडणाऱ्या कंपनीला एकाच तराजूत तोलू नका.

आणि आपल्याकडे मनाला येईल तसा लाभांश वाटता येत नाही. नफा पुरेसा नसेल तर 2014 च्या नियमांप्रमाणे जुन्या राखीव निधीतून काढता येतो, पण भरणा भांडवल (भागधारकांनी शेअरपोटी भरलेले पैसे) आणि मुक्त राखीव निधी (लाभांशासाठी वापरता येईल असा साठवलेला नफा) मिळून जे होईल त्याच्या एक दशांशापर्यंतच. त्यातूनही आधी चालू वर्षाचा तोटा भरायचा.

इतवारीकर: म्हणजे जुन्या नफ्यातलंच देतात ना? तो भागधारकांचाच होता. लाभांश द्यायचा असला की मालकाचा हातही जरा आखडतो.

हिंगणारोडवाला: हात आखडतो, पण कुठे? मी होतो त्या कारखान्यात सलग दोन वर्षं तोटा होता. जुन्या निधीतून लाभांश दिला, लॅबमधले चौघं काढले. पुढं मोठ्या गिऱ्हाइकानं नव्या ग्रेडचा नमुना मागितला, तर करून द्यायला माणूस नाही.

इतवारीकर: अन् तो लाभांश तुम्ही घेतला का नाही?

हिंगणारोडवाला: घेतला जी. शेअर होते माझ्याकडे.