कंपन्यांच्या जमिनीचं सर्वेक्षण: एका कंपनीमुळे अंदाज अकरापट झालाय, काय करू?

नमस्कार मंडळी,

कंपन्यांच्या मालकीची एकूण जमीन किती, याचा अंदाज काढायचं काम आमच्या छोट्या गटाकडे आहे. त्यातली आकडेमोड माझ्याकडे. संख्याशास्त्र शिकले आहे, पण नमुना सर्वेक्षण प्रत्यक्ष हाताळायची ही पहिलीच वेळ. आठ दिवस एकाच आकड्यावर अडकले आहे आणि पुढच्या आठवड्यात तक्ते द्यायचे आहेत.

नमुना असा घेतला: नोंदणीकृत कंपन्यांची यादी भरणा भांडवलानुसार थरांत, म्हणजे गटांत, विभागली. सगळ्यात वरच्या थरातली एकही कंपनी सोडली नाही. खालच्या थरांतून यादृच्छिक निवड केली. जपानमध्ये १९९३ पासून दर पाच वर्षांनी कंपन्यांच्या जमिनीचं सरकारी सर्वेक्षण होतं. त्यात दहा कोटी येन आणि त्यावरच्या भांडवलाच्या सगळ्या कंपन्या घेतात आणि त्याखालच्यांतून नमुना काढतात. आमचा आराखडा त्याच धर्तीवर आहे.

अडचण सगळ्यात खालच्या थरात आली. गोपनीयतेसाठी आकडे सोपे करून लिहिते, प्रमाण तेच आहे. या थरात ४०,००० कंपन्या, नमुन्यात ५००, म्हणजे प्रत्येकीचं वेट ८० (नमुन्यातली एक कंपनी थरातल्या ८० कंपन्यांच्या जागी धरायची). त्यातल्या ४३० जणांनी 'जमीन नाही' असं लिहिलं. ६९ कंपन्यांची मिळून १३८ हेक्टर. आणि उरलेल्या एकीने लिहिलं १,४०० हेक्टर!

ती कंपनी धरली तर थराची एकूण जमीन १,२३,०४० हेक्टर येते आणि स्टँडर्ड एरर (दुसरा नमुना निघाला असता तर अंदाज साधारण किती हलला असता, त्याचं माप) अंदाजाच्या सुमारे ९० टक्के. ती काढली तर जमीन साधारण ११,००० हेक्टर आणि स्टँडर्ड एरर १६ टक्के. आमचे वरिष्ठ म्हणतात, "१६ टक्केवाला आकडा जास्त विश्वासार्ह आहे, ती कंपनी वगळा." मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते त्यांना नीट सांगताही येत नाही.

तर, वगळणं योग्य आहे का? नसेल तर ९० टक्के एररचा आकडा छापायचा कसा? आणि आमच्या निवडीतच काही चुकलं का?

प्रतिसाद: तराजू

सर्वात आधी त्या कंपनीला फोन करा. बाकी सगळं नंतर. जमिनीच्या प्रश्नावलीत सर्वात जास्त घोळ एककांचा होतो. १ हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर आणि सुमारे २.४७ एकर. कुणी एकराचा आकडा हेक्टरच्या रकान्यात लिहितं, कुणी चौरस मीटर लिहून शून्यं मोजायला चुकतं. जमीन स्वतःची की भाडेपट्ट्याची, आणि संपूर्ण उद्योगसमूहाची जमीन एकाच कंपनीने तर भरली नाही ना, हेही विचारा. चूक निघाली तर दुरुस्त करा आणि विषय संपला.

आकडा खरा निघाला तर मात्र वगळू नका. तुम्हाला जे पटत नाहीये ते बरोबर आहे, आणि कारण असं.

१६ टक्के हा आकडा कशातून आला? नमुन्यातल्या उत्तरांच्या आपापसातल्या फरकातून. सगळ्यात वेगळं उत्तर तुम्ही हाताने उचलून बाहेर ठेवलंत, मग उरलेली उत्तरं एकमेकांसारखी दिसणारच. तो १६ टक्के फक्त इतकंच सांगतो की थरात मोठे जमीनधारक मुळीच नाहीत असं गृहीत धरलं, तर आपला अंदाज किती हलेल. पण मोठा जमीनधारक आहे हे तर तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

आता ९० टक्क्यांकडे बघा. संपूर्ण बेरीज एकाच उत्तरावर उभी असली की स्टँडर्ड एरर अंदाजाच्या जवळपास १०० टक्क्यांवर जातो, मग ते उत्तर १,४०० असो की १४. म्हणून ९० टक्के म्हणजे जमिनीबद्दलची माहिती समजू नका. 'माझ्याकडे या प्रकारचा एकच नग आहे' इतकंच तो सांगतो. अंदाजाच्या दोन्ही बाजूंना दोन एरर घेऊन विश्वासांतर (खरा आकडा ज्यात असावा तो पल्ला) काढलंत तर खालचं टोक उणे एक लाख हेक्टरच्या आसपास जाईल. पण १,५३८ हेक्टर तर उत्तरांत नोंदवलेलेच आहेत. म्हणजे इथे नेहमीचं विश्वासांतर लागूच पडत नाही.

वरिष्ठांना सांगायला अजून एक मुद्दा. अशी कंपनी संपूर्ण थरात एकच असती, तर ती नमुन्यात येण्याची शक्यता ८० मध्ये १, म्हणजे सव्वा टक्का. अशा दहा असत्या तर किमान एक नमुन्यात येण्याची शक्यता सुमारे १२ टक्के. म्हणजे आणखी काही असाव्यात हाच अंदाज जास्त सयुक्तिक. पण ८० असतीलच असंही एका नगावरून म्हणता येत नाही. संख्याशास्त्रज्ञ चेंबर्स यांनी १९८६ मध्ये टोकाच्या उत्तरांचे दोन प्रकार वेगळे केले होते: स्वतःपुरतीच असणारी आणि आपल्यासारख्या इतरांचं प्रतिनिधित्व करणारी. तुमची कोणती हे गणित सांगणार नाही, यादी सांगेल.

प्रतिसाद: खतावणी

मी हिशेबाच्या बाजूची. ही प्रश्नावली बहुतेक ठिकाणी लेखा विभाग भरतो, आणि तो वह्या बघून भरतो. वह्यांमध्ये जमीन एका जागी नसते. कारखान्याखालची जमीन स्थावर मालमत्तेत, विकायला घेतलेली जमीन मालसाठ्यात. जमिनीचा व्यापार करणाऱ्या कंपनीने फक्त स्थावर मालमत्ता बघून 'नाही' लिहिलं असेल तर ते शून्य खोटं आहे. तुमच्या ४३० शून्यांपैकी किती अशी आहेत ते तपासाच. उलटही होतं. आयएफआरएस १६ हे आंतरराष्ट्रीय लेखा मानक १ जानेवारी २०१९ पासून लागू झाल्यावर भाडेपट्ट्याचा वापरहक्कही ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसतो. घाईत भरणारा माणूस तो मालकीत धरू शकतो.

भागीदारीतल्या जमिनीत दोघी कंपन्या पूर्ण क्षेत्र लिहितात, तेव्हा ती दोनदा मोजली जाते. यातलं काहीच स्टँडर्ड एररमध्ये दिसत नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. फोन केला. आकडा खरा आहे. मळ्यांची जमीन धारण करण्यापुरतीच ही कंपनी स्थापन केली आहे, भांडवल अगदी किरकोळ, कर्मचारी जवळजवळ नाहीत. खतावणी, तुमच्या सांगण्यावरून 'नाही' लिहिणाऱ्यांपैकी जमीन-व्यवहार करणाऱ्या कंपन्या वेगळ्या काढल्या आहेत, त्यांना पुन्हा विचारते.

तराजू, मग आता आकडा काय छापू? त्या कंपनीला वेट १ द्यावं का? आणि जिल्हावार तक्ताही मागितलाय.

प्रतिसाद: तराजू

मूळ दुखणं आता तुमच्याच वाक्यात आलं: भांडवल किरकोळ, जमीन अफाट. विक्री किंवा कामगारसंख्या मोजायची असेल तर भांडवलानुसार थर पाडणं चांगलं चालतं. जमिनीचं तसं नाही. जमीन धारण करण्यापुरत्या उभ्या केलेल्या कंपन्यांना मोठं भांडवल लागत नाही. जुन्या कंपन्यांकडे तर पूर्वी केव्हातरी घेतलेली जमीन आजही असते, तिचा आजच्या भांडवलाशी काही संबंध राहिलेला नसतो.

संख्याशास्त्रज्ञ नेमन यांनी १९३४ मध्ये दाखवलं की ज्या थरात विखुरणं, म्हणजे उत्तरांतला आपापसातला फरक, जास्त, तिथून नमुना जास्त घ्यावा. पण विखुरणं आधी माहीत कुठे असतं? ते छोट्या प्राथमिक नमुन्यावरून काढलं तर नमुन्याचं हे वाटप कितपत टिकतं, हा प्रश्न आपले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९३५ मध्येच हाताळला होता. जमिनीसारख्या विषम वाटपात ही अडचण फार बोचते. तुम्ही आधी ५० कंपन्यांची चाचणी घेतली असती, तर बहुधा त्यात एकही मोठी आली नसती आणि 'हा थर शांत आहे, इथे थोडा नमुना पुरे' असा निष्कर्ष निघाला असता. शांत दिसणाऱ्या थरातच धोका बसलेला असतो.

वेट १ देणं म्हणजे 'अशी दुसरी कंपनी नाही' असं ठामपणे म्हणणं. मधला मार्ग असा की एक मर्यादा ठरवायची, तिच्यापर्यंतच्या क्षेत्राला पूर्ण वेट आणि वरच्या क्षेत्राला वेट १. मर्यादा ५० हेक्टर धरली तर या कंपनीचा वाटा ५० गुणिले ८० अधिक १,३५०, म्हणजे ५,३५० हेक्टर. थराची बेरीज १६,३९० हेक्टर. अंदाज थोडा खाली ओढला जातो, हलणं मात्र खूप कमी होतं. पण ५० ही मर्यादा मी आत्ता सहज लिहिली, आणि तीच या पद्धतीची कमजोर बाजू. उत्तर बघून मर्यादा ठरवली की हवा तो आकडा काढता येतो. आधीच्या फेऱ्यांची माहिती असेल तरच हे करा.

त्यापेक्षा एक विचारते: तुमच्याकडे जमीन नोंदणीची कंपनीवार माहिती मिळते का? इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१७ पासून कंपन्यांच्या नावावरच्या मालमत्तांची यादी नोंदणी खातं मोफत देतं. त्यात क्षेत्रफळ नसतं, पण कुठल्या कंपनीच्या नावावर किती नोंदी आहेत ते कळतं. थर पाडायला तेवढं पुरतं.

जिल्हावार तक्त्याबद्दल: या नमुन्यावर तो पेलणार नाही. कॅनडातल्या सरकारी सांख्यिकी संस्थेच्या बऱ्याच सर्वेक्षणांत सापेक्ष स्टँडर्ड एरर (अंदाजाच्या टक्केवारीत) १६.६ ते ३३.३ टक्के असेल तर आकड्यापुढे सावधानतेची खूण असते, आणि त्यावर गेला तर आकडाच देत नाहीत. असा काही नियम तुम्हीही लावा आणि रिकाम्या चौकटी रिकाम्याच छापा.

धागाकर्ती

नोंदींची यादी मिळाली! क्षेत्रफळ नाही, फक्त नोंदींची संख्या आहे. थरातल्या सगळ्या ४०,००० कंपन्यांशी ती जुळवली. बऱ्याच जास्त नोंदी असलेल्या ९ कंपन्या निघाल्या, त्यात आमची ती एक. आता या नऊंना स्वतंत्र थर करून उरलेल्या आठ जणींना थेट विचारलं, तर चालेल का? नमुना काढून झाल्यावर असं करणं म्हणजे नियम मोडणं तर नाही ना?

प्रतिसाद: तराजू

चालेल, आणि हेच करा. अट एकच: चाळणी संपूर्ण यादीला लागायला हवी, फक्त नमुन्यात आलेल्यांना नव्हे. ती तुम्ही लावली आहे. नोंदसंख्येची रेषा त्या कंपनीच्या जरा खाली सोयीने ओढू नका. नोंदींचं वाटप बघा, जिथे नैसर्गिक खंड पडतो तिथे रेषा घ्या आणि ती अहवालात लिहा.

मग गणित असं. नऊ कंपन्यांची जमीन प्रत्यक्ष मोजलेली, वेट १. उरलेल्या ३९,९९१ कंपन्यांचं प्रतिनिधित्व तुमच्या ४९९ कंपन्या करतील, वेट सुमारे ८०.१४, त्यांची जमीन साधारण ११,०६० हेक्टर. स्टँडर्ड एरर, सुमारे १,८०० हेक्टर, फक्त या दुसऱ्या भागाला लागेल. वरिष्ठांना हवा होता तो छोटा एरर त्यांना मिळेल, आणि एकही कंपनी न लपवता मिळेल.

आठांपैकी कुणी उत्तर दिलं नाही तर त्या जागी शून्य घालू नका. हॅन्सन आणि हरविट्झ यांनी १९४६ मध्ये न बोलणाऱ्यांमधून छोटा नमुना घेऊन त्यांच्यामागे जोर लावायची पद्धत सुचवली होती. तुमच्याकडे आठच आहेत, सगळ्यांच्याच मागे लागा. पुढच्या फेरीत आधी हजारोंना एकच सोपा प्रश्न विचारा, 'जमीन आहे का, अंदाजे किती', आणि त्यावरून थर पाडून सविस्तर प्रश्नावली थोड्यांना पाठवा. नेमन यांनी १९३८ मध्ये मांडलेली ही दोन टप्प्यांची पद्धत जमिनीला फार शोभते.

धागाकर्ती

आठपैकी पाच जणींशी आज बोलणं झालं. दोघींनी आकडे दिले, तिघी सोमवारी देतील. जिल्हावार तक्ता काढून टाकायला वरिष्ठ तयार झाले आहेत. उरलेल्या तिघींचे पत्तेच जुने निघाले, ते शोधते आहे. मिळाले की इथेच लिहिते.