मदत हवी आहे: चिऱ्याचा दगड नेमका कोणत्या गटात ठेवायचा?

नमस्कार मंडळी,

आम्ही गोव्यात साखळीला राहतो. मुलगा सातवीत आहे. चतुर्थीच्या सुट्टीपासून त्याला दगड गोळा करायचं वेड लागलंय, बुटांच्या खोक्यात अकरा नमुने झालेत. शाळेतल्या प्रदर्शनात त्याने ते तीन कप्प्यांत मांडले: अग्निजन्य, गाळाचे आणि रूपांतरित. चिऱ्याचा, म्हणजे इकडे घरं बांधायला वापरतात त्या लाल दगडाचा, तुकडा अग्निजन्यात ठेवला, कारण भोकं आहेत म्हणजे लाव्हातून वायू निघून गेला असणार, असं त्याचं म्हणणं. तपासणाऱ्यांनी त्यावर लाल फुली मारली आणि पुढे गेले. त्या रात्री पोरगा धड जेवला नाही. "चूक काय ते तरी सांगायचं ना," एवढंच म्हणत होता, आणि मलाही सांगता येईना.

काही दगड आम्हाला जमले. पाळोळेच्या किनाऱ्यावरून आणलेला ग्रॅनाइट लगेच ओळखता आला. दाणे डोळ्यांनी दिसतात, त्यात फेल्डस्पार या खनिजाचे मोठे स्फटिक आहेत. शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, जमिनीखाली सावकाश निवला की दाणे असे मोठे होतात, हे त्याला पटलं. चोर्ला घाटाच्या वरच्या अंगाला मिळालेला काळा दगड बारीक कणांचा आहे. तो बेसॉल्ट, दख्खनच्या लाव्हाचा, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. लाव्हा उघड्यावर पटकन थंड झाल्यामुळे कण वाढायला वेळच मिळाला नाही.

गाडी अडली ती चिऱ्यावर. शेजारी बांधकाम चाललंय, तिथला ताजा कापलेला चिरा आणून नीट पाहिला. आत विटकरी, पिवळा आणि जांभळट असे रंग एकमेकांत मिसळलेले. भोकं सरळ नाहीत, गांडुळाच्या बिळांसारखी वळत जातात. काडी घातली की पांढरट माती बाहेर येते. लाव्हातल्या बुडबुड्याची जागा अशी असते का?

दुसरा प्रश्न डिचोलीकडच्या दगडाचा. हाताला चांगलाच जड, काळपट आणि पांढऱ्या पट्ट्या एकाआड एक. थर दिसतात म्हणून मुलाने तो गाळाच्या खडकांत ठेवला. पण लोहचुंबक लावला की हलकेच ओढतो.

कोणी जाणकार समजावून सांगेल का? पुस्तकातली व्याख्या नको, हातात दगड धरून त्याला दाखवता येईल असं काहीतरी हवंय.

प्रतिसाद

ताई, आधी मुलाला शाबासकी द्या. भोकांवरून त्याने केलेला तर्क चांगला आहे, फक्त भोकं दोन तऱ्हेची असतात हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. बेसॉल्टमधली भोकं गोल किंवा लांबट, बहुतेक सुटी सुटी असतात. कधी त्यांत पांढरे स्फटिक भरलेले दिसतात. चिऱ्यातल्या नळ्या वेड्यावाकड्या आणि एकमेकींना जोडलेल्या असतात, तुम्ही पाहिल्यात तशाच.

चिरा म्हणजे जांभा. मूळ खडक जागच्या जागी कुजून तो तयार होतो. धो धो पाऊस, मग कोरडा काळ, असं लाखो वर्षं चाललं की सिलिका, चुना, पोटॅश पाण्याबरोबर निघून जातं आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहतात. लाल रंग त्या लोहाचा. तो शिलारसातून आलेला नाही, गाळ वाहून येऊन साचलेला नाही, उष्णता नि दाबाने बदललेलाही नाही. म्हणून त्याला अवशिष्ट, म्हणजे मागे उरलेला, खडक म्हणतात. काहीजण पृष्ठभागावर घडतो म्हणून गाळाच्या खडकांजवळ ठेवतात, पण मी तुमच्या जागी असतो तर खोक्यात चौथा कप्पाच केला असता. फ्रान्सिस बुकॅनन यांनी १८०७ साली त्याला लॅटराइट नाव दिलं, लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून. खाणीत तो मऊ असतो, हवेत घट्ट होतो. तुमच्याजवळच्या हरवळ्याची लेणी याच दगडात कोरलेली आहेत, मुलाला तिथे न्या.

पट्ट्यांचा दगड बहुधा पट्टेदार लोहखडक असावा, काळ्या पट्ट्या लोहखनिजाच्या, पांढऱ्या क्वार्ट्झच्या. थर साचले समुद्रतळाशी, हे खरं, पण पुढे उष्णता आणि दाबाने तो बदलला, म्हणून रूपांतरित. नुसत्या पट्ट्यांवर जाऊ नका, नीस खडकालाही पट्टे असतात. घरातल्या फरशीची मागची खडबडीत बाजू घ्या आणि काळी पट्टी तिच्यावर घासा. काळी रेघ आली तर मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाकडे ओढलं जाणारं लोहखनिज, तांबूस-तपकिरी आली तर हेमेटाइट हे दुसरं लोहखनिज. पांढऱ्या पट्टीने काचेवर ओरखडा उठायला हवा, कारण क्वार्ट्झ काचेहून कठीण असतो.

पुन्हा मी

खूप खूप आभार. आत्ताच करून पाहिलं. रेघ काळी आली, काचेवर ओरखडाही उठला. चिरा घासला तर फरशीवर विटकरी डाग पडला. चौथा कप्पा पुठ्ठ्याचा करतोय, त्यावर 'जांभा' लिहून झालंय. रविवारी हरवळ्याला जाणार आहोत. लेण्यांच्या भिंतींत त्या वळणाच्या नळ्या दिसतात का, हे त्याला स्वतः पाहायचंय. हात न लावता, असं मी बजावलंय.