मदत हवी आहे: बिनखुणेची युगोस्लाव्ह रायफल एम४८बीओ आहे का?

अमेरिकेत कायदेशीररीत्या घेतलेली एक ७.९२ मि.मी. बोल्ट-ॲक्शन रायफल ओळखण्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे. रिसीव्हरवर (गोळी नळीत ढकलून मागून बंद करणारा बोल्ट ज्यात सरकतो, त्या धातूच्या मुख्य भागावर) युगोस्लाव्हियाचे मशालींचे बोधचिन्ह, मॉडेलचे नाव किंवा क्रागुयेवाचच्या कारखान्याची खूण यांपैकी काहीही नाही. केवळ अनुक्रमांक आहे आणि तोच बोल्टवरही आहे. बोल्टचा दांडा खाली वाकवलेला असून, मॅगझिनची तळपट्टी पत्र्यातून ठोकून काढलेली आहे. रिसीव्हर जर्मन सैन्याच्या कार९८के रायफलीपेक्षा सुमारे ६ मि.मी. आखूड भरतो, त्यामुळे युगोस्लाव्हियात दुरुस्त केलेल्या जर्मन रायफलींची, म्हणजे एम९८/४८ची, शक्यता मी बाजूला ठेवली आहे.

एम४८बीओ या रायफली निर्यातीसाठी मुद्दाम खुणांविना बनवल्या जात, हे ठाऊक आहे. परंतु बाजारात खुणा घासून काढलेल्या रायफलीही येतात, आणि विक्रेत्याच्या शब्दावर विसंबणे मला रुचत नाही. रिसीव्हरवर सरळ पट्टी धरून पाहिली, तिरपा प्रकाश टाकून पाहिला. खळगा किंवा घासल्याच्या रेषा दिसल्या नाहीत. मूळ काळपट मुलामा खरवडायचा नाही, आम्लही लावायचे नाही. किंमत विचारत नाही.

बोधचिन्ह मुळातच नव्हते की नंतर घासले गेले, हे मुलाम्याला धक्का न लावता कोणत्या खुणांवरून खात्रीने ठरवता येईल?