5 वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्प : ठेवू की 15 वॅटचा घेऊ? घूंऽऽ आवाज जात नाही, मदत हवी

फोंडा_तार : मित्राने जाताना त्याचा गिटारचा छोटा व्हॉल्व्ह हेड (स्पीकर वेगळा जोडायचा ॲम्प) दिला. आत व्हॉल्व्ह दोन: एक ईसीसी83, एक ईएल84 (हा स्पीकरला ताकद देणारा). चालू केला की घूंऽऽ. दोन्ही व्हॉल्व्ह बदलले, तरी तेच. बायस (व्हॉल्व्हमधून स्थिर वाहणारा प्रवाह) कसा सेट करतात? की विकून 15 वॅटचा कॉम्बो (ॲम्प-स्पीकर एकाच खोक्यात) घेऊ? शनिवारी वाजवायचंय, लवकर सांगा.

म्हापसा_बास : गिटारची वायर काढल्यावर घूं राहतो का? स्पीकर कोणता? स्पीकर न जोडता चालवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. बायसचं विसरा. एका ईएल84वाले ॲम्प सहसा कॅथोड बायसचे असतात, म्हणजे बायस आपोआप ठरतो, त्यात फिरवायला काही नसतं.

फोंडा_तार : वायर काढली तरी राहतो. स्पीकर 12 इंची, 8 ओहम, 8च्याच जॅकमध्ये.

दर्यावर्दी : 15 वॅटचा घ्या. ड्रमपुढे 5 वॅट ऐकूच येत नाही. मी दोन्ही वापरलेत.

म्हापसा_बास : 5 आणि 15 मध्ये 5 डेसिबलचाही फरक नाही. कानाला दुप्पट वाटायला साधारण 10 लागतात, म्हणजे 50 वॅट. त्यापेक्षा जास्त सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये मोठा वाजणारा स्पीकर लावा.

दर्यावर्दी : मोठ्या ॲम्पमध्ये स्वच्छ आवाजाला जागा राहते, ते डेसिबलमध्ये दिसत नाही.

रात्रपाळी : फ्लॅटमध्ये राहत असाल तर मॉडेलर (ॲम्पच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारं यंत्र) आणि हेडफोन. पावसाळ्यात व्हॉल्व्हच्या सॉकेटवर गंज चढतो, ते कोण साफ करणार?

जुगाड_डिचोली : प्लगची अर्थची पिन काढून टाका. घूं लगेच जातो, आम्ही मांडवात हेच करतो.

म्हापसा_बास : कृपा करून असं कोणी करू नका. आत बिघाड झाला तर वीज गिटारच्या तारांवर येते. ओठ माइकला लागले की संपलं.

केशव_भजनी : आमच्या भजनी मंडळाला पेटी आणि तबल्यासाठी असा ॲम्प चालेल का?

रात्रपाळी : नको. गिटारचा स्पीकर वरच्या पट्टीचा आवाज कापतो. मिक्सर आणि साधे पीए (कार्यक्रमात लावतात ते) स्पीकर घ्या.

फोंडा_तार : तारांना हात लावला की मुंग्या येतात, ते सगळ्यांनाच होतं ना? मित्र अमेरिकेहून आलेला, ॲम्प 120 व्होल्टचा. स्टेप-डाउनवर (व्होल्टेज कमी करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) चालवतो.

म्हापसा_बास : हे पहिल्यांदा सांगायला हवं होतं! प्लग आत्ताच काढा. स्टेप-डाउनला भोकं दोन की तीन?

फोंडा_तार : दोनच. ॲम्पचा तीन पिनी प्लग ॲडॉप्टर लावून बसवलाय.

म्हापसा_बास : मग अर्थ तिथेच तुटते. मुंग्या त्याच्याच, घूंही बहुधा त्याचाच. अर्थ पुढे नेणारा तीन पिनी स्टेप-डाउन घ्या. ॲम्प 5 वॅटचा असला तरी वीज कितीतरी जास्त खातो. मागच्या पट्टीवरच्या वॅटच्या दुप्पट क्षमतेचा हवा. तिथे 50/60 हर्ट्झ लिहिलंय का तेही बघा. नुसता 60चा ट्रान्सफॉर्मर आपल्या 50वर जास्त तापतो. घरच्या सॉकेटची अर्थ वायरमनकडून तपासा. ॲम्प स्वतः उघडू नका, बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये 300 व्होल्ट उरू शकतात.

फोंडा_तार : पट्टीवर 50/60 आहे. वायरमन उद्या येतोय. नवीन स्टेप-डाउन मडगावात मिळेल का? शनिवारपर्यंत नाही मिळाला तर कोणाचा ॲम्प एका दिवसासाठी मिळेल का? फोंड्याच्या आसपास कोणी असेल तर सांगा. देव बरें करूं.