एकटा गिटारवाला, आणि बाकीचा बँड गेला कुठे?

रायबंदरकर:
मंडळी, परवा पणजीच्या फोंतेन्हासमधल्या एका जुन्या घराच्या सालात, म्हणजे दिवाणखान्यात, सोलो जॅझ गिटार ऐकली आणि दोन दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे लिहितोय. तीसेक खुर्च्या, वर कौलांवर पाऊस, आणि समोर एकटा माणूस, मांडीवर पोकळ बॉडीची गिटार. बेस नाही, ड्रम्स नाहीत, लूपर लावून आपल्याच आवाजावर आपणच वाजवायचं तेसुद्धा नाही. माझं म्हणणं सरळ आहे, जॅझमध्ये याच्याइतकं अवघड आणि याच्याइतकं मोठं काम दुसरं नाही. बँडमध्ये घसरलात तर सावरायला चारजण असतात, इथे कोण?

एक गोष्ट सांगतो. जॅझ पियानोवाल्या थेलोनियस मंकचं 'राउंड मिडनाइट' चालू होतं, एकदम संथ, ई मायनरमध्ये. तेवढ्यात सगळ्यात जाड तार उतरली, दमट हवा म्हणा की नवी तार म्हणा. ती तार ईची, म्हणजे नेमकी षड्जाचीच तार हो! मी पहिल्या रांगेत म्हणून मला कळलं. त्याने त्या तारेला हातच लावला नाही, खालचे सूर पाचव्या तारेवर नेले आणि गाणं पुढे चालूच. मग एका जागी डावा हात मोकळा झाला, उघड्या तारा घुमत होत्या, तेवढ्यात खुंटी पिळून तो सूर वाजत असतानाच हळूहळू वर चढवला, जशी काय मींडच. लोकांना वाटलं ठरवूनच केलंय, टाळ्या पडल्या.

बेसवाला_बोर्डा:
बाब, खुंटी पिळली ही कसरत झाली, ती मी पण करतो, मला कोण टाळ्या देत नाही 😀
जॅझ म्हणजे गप्पा. चार बार (म्हणजे चार आवर्तनं म्हणा) सॅक्सवाला बोलतो, चार बार ड्रमर उत्तर देतो, कधी ड्रमर मुद्दाम भलतीकडे नेतो आणि मग तिथून परत घरी कसं यायचं ती सगळी मजा असते. एकटा माणूस स्वतःला कोपरखळी कशी मारणार सांगा. आपल्या गोंयकारांतलाच गिटारवाला घ्या, अमान्सियो डिसिल्वा, १९६९ मध्ये लंडनला सॅक्सवाल्या जो हॅरियटबरोबर 'हम दोनो' नावाची रेकॉर्ड केली. नावातच दोघं आहेत!

म्हापशाची_मावशी:
मी असल्या एका कार्यक्रमाला गेले होते, खरं सांगते, तिसऱ्या गाण्याला डुलकी लागली. पाय कुठे आपटायचा तेच कळत नाही.

बेसवाला_बोर्डा:
मावशी एकदम बरोबर बोलल्या. याला रुबाटो म्हणतात, म्हणजे लय हवी तशी ताणायची. अर्ध्या वेळा ती भावना नसतेच, पुढची कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे सूर, बोटांना सापडेपर्यंत काढलेला वेळ असतो. मागे ड्रमर असता तर लगेच पकडला असता.

पेटीवाला_मंगेशी:
मी जॅझमधला नाही, देवळात भजनाला आणि कधी नाटकाला पेटी धरतो. पण एक बघा, आपण ज्याला तबला सोलो म्हणतो तो तरी कुठे एकटा असतो? मी बाजूला बसून लेहरा धरतो, म्हणजे एकच चाल, तेच तेच सोळा मात्रांचं तासभर, नवख्याला वाटतं याला काय काम आहे, पण तो लेहरा आहे म्हणून तबलजी लांब जाऊन बरोबर समेवर येतो. या गिटारवाल्याचा लेहरा कोण धरतं? कोणीच नाही, तो मनात धरतो आणि आपल्यालाही धरायला लावतो. मला हे मोठं वाटतं. शिवाय पेटीत भाता चालू आहे तोवर सूर टिकतो, गिटारचा सूर छेडल्या क्षणापासून मरायला लागतो. मरणाऱ्या सुरांवर एवढा वेळ काढायचा म्हणजे चेष्टा नाही.

रायबंदरकर:
पेटीवाले, माझ्या तोंडातलं बोललात. आणि बोर्डाचे बेसवाले, तुम्ही म्हणता बेस नाही, पण मला तर बेस ऐकू आला! यातच तर खरी गंमत आहे. गिटारवाल्या जो पासची 'व्हर्च्युओसो' ऐका, रेकॉर्डिंग १९७३ चं, अख्ख्या रेकॉर्डवर दुसरा माणूस नाही. पहिल्यांदा वाटतं चाल, कॉर्ड, बेस सगळं एकदमच चाललंय. नीट कान देऊन ऐकलं की कळतं, तिन्ही एका क्षणी क्वचितच वाजतात. अंगठ्याने दोन सूर खाली टाकतो, ते विरायच्या आत वर चाल धावते, मध्येच फटीत एक कॉर्ड, तीसुद्धा पूर्ण नाही, फक्त तिसरा आणि सातवा सूर, मूळ सूर आपला कानच भरतो. आमची आई भाकऱ्या करायची तसं, एक हातात, एक तव्यावर, एक निखाऱ्यावर, हात एका वेळी एकीलाच पण करपत एकही नाही. काय वाजवायचं नाही ते ठरवणं हीच तर कला, आणि गप्पा म्हणाल तर तो आपल्याशीच मारत असतो की.

सुरेल_सांगे:
यात पियानोवाल्यांना कोणी विचारत नाही. ते एकटेच वाजवतात त्याचं कौतुक नाही, दहाची दहा बोटं सूर काढतात. गिटारवर एक हात तारा दाबण्यातच अडकलेला. गिटारवाल्या जॉर्ज व्हॅन एप्सने १९३० च्या दशकाच्या शेवटी खालच्या सुरासाठी सातवी तार बसवून घेतली ती काय उगाच?

बेसवाला_बोर्डा:
बघा, म्हणजे त्यालाही बेस कमी पडला 😄

रायबंदरकर:
तुम्हाला मेसेज केलाय बघा. फोनवर त्या 'राउंड मिडनाइट'चं रेकॉर्डिंग आहे, आयोजकांना विचारूनच केलेलं. ऐका आणि मग बोला.

बेसवाला_बोर्डा (दोन दिवसांनी):
ऐकलं. नुसतं ऐकलं नाही, हेडफोन लावून त्याच्यावर माझा बेस वाजवून बघितला. पहिल्या आठ बारांत तीनदा त्याच्या अंगठ्यावर जाऊन पडलो. मी सूर टाकतोय तिथे त्याने आधीच टाकलेला, आणि त्याने मोकळी सोडलेली जागा मी भरली की गाणं एकदम जड व्हायचं, लग्नाच्या बँडसारखं. मग कमी करत गेलो, बारला एक सूर, मग दोन बारांना एक, दुसऱ्या फेरीत तर नुसता तारांवर हात ठेवून बसलो होतो. आमची बायको आत येऊन विचारते, काय, वाजवत का नाही? एवढं मान्य करतो.
पण ब्रिजमध्ये, म्हणजे गाण्याच्या मधल्या भागात, गडी पळाला! मेट्रोनोम लावून बघितलं, मिनिटाला ६० ठोक्यांवर सुरू केलेलं ६८ वर गेलं. मी असतो तर धरून ठेवला असता. हे काही मी सोडणार नाही.

पेटीवाला_मंगेशी:
थोडं तर सगळेच चढतात हो. आमच्या भजनात विचारूच नका.

रायबंदरकर:
बेसवाले, तो ब्रिज परत एकदा ऐका, गिटार नाही, मागचा आवाज. तिथेच पावसाने जोर धरला, कौलांवर नुसता ताशा वाजत होता, मला आठवतंय तो वर छपराकडे बघून हसला पण होता. पळाला वगैरे काही नाही, पावसाबरोबर गेला तो. आणि शेवटच्या आठ बारांत सर ओसरली तसा हा पण खाली आला, मोजा हवं तर.

बेसवाला_बोर्डा:
मोजलं. ६१.
म्हणजे शेवटी ड्रमर लागलाच ना!